एका मास्कचे दोन वाटे

५ ऑगस्ट

छकुले,

पाकीट फोडण्याआधी हे वाच. मला माहीत आहे, तू आधी फोडणार आणि मग वाचणार. अठ्ठावन्नाव्या वर्षी तू सुधारशील ही आशा मी सोडली आहे. निदान आतली बरणी सरळ धर. ती सांडली तर तुझा अर्धा चेहरा वाया जाईल.

झालं असं की लेकीने माझ्या वाढदिवसाला भलतीच भेट दिली. म्हणाली, "आई, आता दर महिन्याला तुला एक डबा येईल. वर्षभर. आत तोंडाला, केसांना, हातापायांना लावायच्या वस्तूंचे छोटे छोटे नमुने असतात. वापरून बघ. जरा स्वतःकडे लक्ष दे." मी म्हटलं, "साठी उलटल्यावर कसलं लक्ष? आहे ते गळून पडू नये एवढंच बघायचं." पण फॉर्म तिने आधीच भरून टाकला होता. त्वचा: कोरडी. केस: विरळ. अपेक्षा: तजेला. "तजेला म्हणजे नेमकं काय गं?" असं विचारलं तर म्हणाली, "पूर्वी दिसायचीस तसं."

डबा काल आला. गुलाबी पुठ्ठ्याचा, वहीएवढा. आत कागदाच्या कातरणांचं गवत आणि त्या गवतात कोंबडीने अंडी घालावीत तशा पाच वस्तू. बाहुलीच्या न्हाणीघरात शोभेल अशी शांपूची बाटली, करंगळीच्या पेराएवढी लिपस्टिक, दोन क्रीमं आणि एक मास्क. बरोबरचा कागद मी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. शाळा चौथीत सुटल्यापासून मला समोर येईल ते वाचायची खोड आहे, ती आता काय जाणार? पण क्रीमच्या डबीवरच्या घटकांच्या यादीने माझी परीक्षा बघितली. एखाद्या जाडजूड कादंबरीपेक्षा जास्त पात्रं तिच्यात आहेत आणि एकाचंही नाव लक्षात राहत नाही.

आता वाट्यांचं. सासूबाई असत्या तर पहिला प्रश्न त्यांनी तोच केला असता. मी लग्न होऊन आले तेव्हा तू शाळेत होतीस आणि एका सफरचंदावरून आपण दोघींनी घर डोक्यावर घेतलं होतं. तेव्हाच त्यांनी नियम घालून दिला. घरात येईल ते अर्धं नणंदेचं, अर्धं भावजयीचं. एकीने कापायचं, दुसरीने आधी उचलायचं, आणि कापणारीला उरेल ते. पुढे कापायचं काम तुझ्या दादाच्याच गळ्यात पडलं. शिंपी माणूस, सुताचाही फरक पडू द्यायचा नाही. सुरीला चिकटलेलं चाटायचा आणि म्हणायचा, "हा माझा वाटा."

तर शांपू निम्मा केला. क्रीमं निम्मी केली. लिपस्टिकचा खालचा अर्धा भाग कोरून ह्यांच्या अंगुस्तानात दाबून भरला आहे. सुई टोचू नये म्हणून बोटात घालायचं तेच ते. त्यात करंगळी बुडवून ओठांना लाव. अंगुस्तान परत कर.

मास्क मात्र पंचाईत निघाला. ओल्या रुमालासारखा पांढरा चेहरा, डोळ्यांना भोकं, नाकाला चीर. मधोमध खडूची रेघ मारायला गेले, ओल्यावर उठेना. मग दोरा धरला आणि ह्यांची मोठी कात्री काढली. तीन वर्षांत ती कपाटातून बाहेर काढली नव्हती. हाताला आधी जड लागली, मग नाही लागली. कपाळापासून हनुवटीपर्यंत एकाच चालीत कापलं. डावा अर्धा तुझा. बरणीत त्याच्याच पाण्यात ठेवून पाठवते आहे.

हे फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तू "बरं, बरं" करतेस आणि ठेवतेस. पाकीट जातंच आहे तर पत्रही जाऊ दे.

आणि महत्त्वाचं. डिसेंबरअखेर तू नोकरीतून सुटणार, जानेवारीत इथे येणार. तुझ्या खोलीला रंग द्यायचा आहे. दादाचं कापायचं टेबल खिडकीखालून हलवलं, तिथे तुझा पलंग येईल. फिकट पिवळा की फिकट हिरवा? लगेच कळव, रंगारी थांबलाय.

तुझी
वहिनी


१३ ऑगस्ट

वहिनी,

आधी फोडलं, मग वाचलं. सांडलं नाही. म्हणजे थोडं सांडलं, तेवढं कोपरांना चोळलं.

अर्धा मास्क लावायला काय कसरत पडते ते त्या कागदावर लिहिलेलं नसणार. कानापासून नाकापर्यंत चिकटला, पण मधली कड सारखी सुटायची, म्हणून वरून केसांची पिन लावली. आणि नेमक्या घरमालकीणबाई पाण्याचं विचारायला आल्या. मी विसरून दार उघडलं. त्या दोन पावलं मागे सरकल्या. "अगं बाई! अर्धांग?" मी म्हटलं, "नाही हो. तजेला." त्यांचा विश्वास बसला नाही. थोड्या वेळाने सूप घेऊन आल्या.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेले तर डावा गाल असा चमकत होता की उजवा गाल त्याची आत्या वाटावी. काउंटरवरून मी पेशंटशी बोलते तेव्हा त्यांना माझी डावीच बाजू दिसते, त्यामुळे सकाळ झकास गेली. दुपारी कवळीवाले आले. मी त्यांच्याबद्दल कधी लिहिलं नसेल. मागच्या खोलीत बसून कवळ्या बनवतात. बारा वर्षं मी त्यांची फक्त पाठ बघते आहे. एक तयार कवळी काउंटरवर ठेवली, माझ्याकडे पाहिलं, मग वाकून दुसऱ्या बाजूने पाहिलं आणि म्हणाले, "साचा कधीकधी असा होतो. एकीकडे घोटून गुळगुळीत, दुसरीकडे राहून गेलेला."

आणि गेले. हे कौतुक होतं की तक्रार? तुला काय वाटतं?

आता माझी तक्रार. नाक! जवळजवळ सगळं नाक माझ्या वाट्याला आलंय. शिवाय नियम मोडलास. तूच कापलंस आणि तूच उचललंस. आईने तुला स्वयंपाकघराबाहेर काढलं असतं.

रंग पिवळा. खिडकीशी पलंग म्हणजे माझी चैनच आहे.

छकुली


७ सप्टेंबर

छकुले,

नाक मुद्दाम तुला दिलं. आपल्या दोघींत ते कुणाचं जास्त वर असतं ते सगळ्या घराला माहीत होतं.

माझी कहाणी ऐक. मी उजवा अर्धा लावला आणि खुर्चीत बसल्या बसल्या डोळा लागला. सकाळी धुलाईखान्यात गेले. रुग्णालयाच्या चादरींचा ढीग पडला होता. घड्या घालायला उभी राहिले तर मुकादमबाई म्हणाल्या, "अहो, तुम्ही आज टेबलाच्या त्या बाजूला उभ्या राहा. इकडून तुम्ही माझ्या आईसारख्या दिसता, मला कामाला लावायची लाज वाटते. तिकडून ठीक आहे." दिवसभर सगळ्या जणी इकडून तिकडे नि तिकडून इकडे जाऊन मला बघत होत्या. चादरी तशाच राहिल्या. शेवटी मुकादमबाईंनी विचारलं, "पण अर्धाच का लावला?" मी म्हटलं, "उरलेला नणंदेकडे आहे." त्या खाली बसून हसल्या. त्यांचं बघून इस्त्रीवाली हसायला लागली आणि एक उशीचा अभ्रा जळला.

कवळीवाल्यांचं म्हणशील तर मला ती तक्रार वाटते. कारागीर माणसाला एका बाजूने राहून गेलेलं काम बघवत नाही. तुझ्या दादाचंही तसंच होतं.

दुसरा डबा आला आहे. या वेळी पायमोजे आहेत. प्लास्टिकचे, आत गिळगिळीत काहीतरी. कागदावर लिहिलंय: "घालून बसावे. काही दिवसांनी जुनी त्वचा आपोआप निघून जाईल." हे मी तीनदा वाचलं. निघून जाण्याबद्दल लोक किती सहज लिहितात. असो. मोजे दोन, आपण दोघी. कापावंच लागलं नाही. तरी तुझी कटकट नको म्हणून डोळे मिटून एक उचलला. उरलेला तुला. सोबत सीरम आहे, ते निम्मं धुतलेल्या औषधाच्या बाटलीत ओतलं आहे. दोन थेंब, झोपताना. दोन म्हणजे दोनच.

खोली पिवळी झाली. रंगाऱ्याने विचारलं, "कोण येणार आहे?" म्हटलं, "माझी नणंद." म्हणाला, "आणि तुम्ही इतक्या खूश?"

वहिनी

ता. क. अंगुस्तान?


१९ सप्टेंबर

वहिनी,

तू मला काय पाठवलंस! माझा डावा पाय कोबीसारखा सुटतो आहे. पापुद्र्यामागून पापुद्रा. उजवा पाय जसाच्या तसा, म्हातारा आणि समाधानी. मोजा एका पायात घालायचा असतो का गं? कागदावर "पायात" लिहिलंय की "पायांत"? नको, सांगू नकोस. आता काय उपयोग!

परवा काउंटरमागे मी चप्पल काढून बसले होते. कवळीवाले आले, खाली बघितलं. फरशीवर पांढरा भुगा. त्यांना वाटलं, आपल्या बुटाला लागून प्लास्टरच आलं. आतून ब्रश आणला, गुडघ्यांवर बसून सगळं गोळा केलं. मग चिमटीत धरून, चष्मा वर करून, उजेडाकडे नेऊन बघितलं. म्हणाले, "हे माझं नाही."

मी म्हटलं, "नाही. माझं आहे."

आणि मी पाय दाखवला. वहिनी, मी शपथेवर सांगते, बारा वर्षांत तो माणूस पहिल्यांदा हसला. असा हसला की डॉक्टर पेशंटचं तोंड उघडं टाकून बाहेर आले. मी पहिल्यांदा त्यांचे दात बघितले. मला वाटायचं, तेही स्वतःच बनवले असतील. पण नाही. म्हणाले, "हे जन्मापासूनचे. तुमचे?" मी म्हटलं, "सगळे माझेच." तर मान डोलावून म्हणाले, "वाटलंच. असं हसू बसवता येत नाही."

बाकी ठीक. अंगुस्तानातला रंग संपला. तुझ्या अर्ध्यातला उरला असेल तर पाठव, तू कुठे लावतेस!

एक विचारायचं होतं. ते सीरम लावल्यापासून गाल तापतात. विशेषतः दुपारी. जेवणाचा डबा उघडते, दोन घास खाते आणि झाकते. झोप लागत नाही, पण दमल्यासारखंही वाटत नाही. घरमालकीणबाई म्हणाल्या, "हल्ली फार गुणगुणता." सीरमचंच असणार. बंद करावं म्हणतेस का? मला तर बंद करावंसं वाटत नाही.

खोली छानच झाली असणार. पलंगाची घाई करू नकोस.

छकुली


२५ सप्टेंबर

व्यवस्थापक, तक्रार विभाग, यांस,

मी आपल्या मासिक डब्याची वर्गणीदार आहे. दुसऱ्या डब्यातलं सीरम मी आणि माझी नणंद अशा दोघींनी निम्मं निम्मं वापरलं. मला काही झालं नाही. नणंदेला पुढील त्रास सुरू झाला आहे: गाल लाल होणे (दुपारच्या सुमारास), भूक मरणे, झोप उडणे, चालताना गुणगुणणे, प्रश्न विचारला तर भलतंच उत्तर देणे. तिचं वय अठ्ठावन्न आहे, प्रकृती दणकट आहे. पूर्वी असं कधी झाल्याचं माझ्या माहितीत नाही, आणि मी तिला ती शाळेत होती तेव्हापासून ओळखते.

बाटलीवरचं सगळं मी वाचलं आहे. बाराव्या क्रमांकावर जे लांब नावाचं रसायन आहे त्याच्यावर माझा संशय आहे.

कृपया उलटटपाली उपाय कळवावा. ती जानेवारीत माझ्याकडे कायमची राहायला येणार आहे आणि मला ती धडधाकट हवी आहे.

आपली,
एक वर्गणीदार


५ ऑक्टोबर

आदरणीय बाई,

आपलं पत्र मिळालं. इथे सगळ्या तक्रारी संगणकावर येतात. हाताने लिहिलेलं पत्र बऱ्याच काळाने आलं, म्हणून ते आम्ही सगळ्यांनी वाचलं. माफ करा, दोनदा वाचलं. एकदा मोठ्याने.

बाराव्या क्रमांकाचं रसायन म्हणजे काकडीचा अर्क आहे.

गाल लाल होण्याच्या तक्रारी आमच्याकडे येतात, पण त्या सकाळ-संध्याकाळ होतात. फक्त दुपारी लाल होणारे गाल आमच्या नोंदीत नाहीत. भूक आणि झोपेचाही सीरमशी संबंध आढळलेला नाही. गुणगुणण्याबद्दल मी प्रयोगशाळेत जाऊन विचारलं. तिथले साहेब म्हणाले, "तसं होत असतं तर आपण जाहिरातीत नसतं का लिहिलं?"

कंपनीचं उत्तर इथे संपलं. पुढचं माझं आहे. आपण लिहिलेली सगळीच्या सगळी लक्षणं मी माझ्या मोठ्या बहिणीत पाहिली आहेत. ती कुठलंही सीरम वापरत नव्हती. तिच्या ऑफिसात समोरच्या टेबलावर एक जण बसायचा. आता ते दोघे आमच्या वरच्या मजल्यावर राहतात.

आपल्या नणंदबाई दुपारी कुठे असतात, एवढं एकदा पाहावं.

झालेल्या मनस्तापाबद्दल दोन अख्खे मास्क सोबत पाठवत आहोत. सहकाऱ्यांची विनंती: कृपया हे कापू नयेत.

तक्रार विभागातली मुलगी


११ ऑक्टोबर

छकुले,

सोबत कंपनीचं पत्र जोडलं आहे. आधी ते वाच. मी धुलाईखान्यात वाचलं, आणि इस्त्रीवालीने आणखी एक अभ्रा जाळला.

मग मी तुझी जुनी पत्रं काढून पुन्हा वाचली. दुपारी कवळीवाले आले. परवा कवळीवाले आले. बारा वर्षांत पहिल्यांदा हसले. अगं, मी क्रीमच्या डबीवरचं बारीक अक्षर वाचणारी बाई, आणि हे एवढं ठळक मला दिसू नये?

आता सरळ सांग. आडवंतिडवं नको. अंगुस्तानातला रंग कुणासाठी संपला?

वहिनी


१२ नोव्हेंबर

वहिनी,

महिना झाला, उत्तर दिलं नाही. मधे तुझं पाकीट आलं. अर्धं क्रीम, अर्धा साबण, आणि पहिल्यांदाच आत चिठ्ठी नाही. तुझा राग मला बोलण्यापेक्षा न बोलण्यात जास्त कळतो. पण तो राग नसावा. तू वाट बघत होतीस.

सरळ सांगते. तुझ्या पायमोज्यानंतर ते रोज दुपारी जेवणाचा डबा घेऊन काउंटरवर येऊ लागले. आधी पायाची चौकशी करायला, मग पाय बरा झाला तरीही. बोलत काही नाहीत. सफरचंद आणतात. पहिल्या दिवशी त्यांनी ते कापलं आणि अर्धं माझ्यापुढे ठेवलं, तर मी म्हटलं, "असं नाही. तुम्ही कापलंत, आता मी उचलणार." मग नियम समजावला. त्यांनी दोन्ही फोडी उचलून डोळ्यांसमोर धरल्या, खिशातून कानस काढली आणि मोठ्या फोडीची कड घासून बारीक केली. कवळी घासतात ती कानस, वहिनी! मी हसून हसून काउंटरखाली गेले. वर आले तेव्हा ते अजून कानस हातात धरून उभे होते आणि त्यांचे कान लाल झाले होते. तेव्हा मला कळलं की सीरम बिचारं निर्दोष आहे.

गेल्या महिन्यात त्यांनी विचारलं. स्टेशनपलीकडे दोन खोल्या आहेत, खाली त्यांचं काम चालतं. म्हणाले, "आवाज असतो घासण्याचा. चालेल का तुम्हाला?" एवढंच. मला कुणी कधी असलं काही विचारलं नव्हतं. सत्ताविसाव्या वर्षी नाही, आणि आता.

मी नाही म्हटलं.

का ते तुला सांगायला नको. दादा गेला त्या आठवड्यात आपण दोघी त्याच्या टेबलावर हात ठेवून बसलो होतो आणि मी म्हटलं होतं, नोकरी संपली की मी येते, तुला एकटी ठेवणार नाही. तू त्या शब्दावर खोली रंगवलीस. पलंग आणलास. मी शब्द फिरवणाऱ्यातली नाही. त्यांनाही तसंच सांगितलं. "माझी वहिनी एकटी आहे," म्हटलं. ते म्हणाले, "बरोबर आहे," आणि आत गेले. तेव्हापासून पुन्हा पाठमोरे.

जानेवारीच्या पहिल्या गाडीने येते. हा विषय आता बंद. आणि अंगुस्तान या पाकिटात आहे, धुऊन, पुसून.

छकुली


१८ नोव्हेंबर

छकुले,

अंगुस्तान मिळालं. परत पाठवते आहे. आत माझ्या वाट्याचा रंग भरला आहे, सगळा. मी कुठे लावते!

आता शांतपणे वाच. पाकीट फोडून झालं असेलच.

तुझा दादा गेल्याचं दुःख मला आहे, ते राहणार. सकाळी चहाला पाणी ठेवताना मी अजून दोन कपांचं ठेवते आणि मग एक कप ओतून देते. त्या ओतलेल्या कपाच्या जागी तुला बसवायचं मी मनात धरलं होतं, हे खरं आहे. पण तू त्या जागी मावणार नाहीस गं. तू फार बडबडतेस. तुझी जागा वेगळी आहे आणि ती तू कुठेही राहिलीस तरी तुझीच आहे. एकटेपणाचं म्हणशील तर ते आता माझ्या घरातल्या भांड्यासारखं झालंय. कुठे ठेवलंय ते दिवा न लावताही सापडतं. त्याला पुसायला तू यायची गरज नाही.

शिवाय मी नुसती बसून नाही. कंपनीने पाठवलेल्या दोन अख्ख्या मास्कपैकी एक काल रात्री लावला. सगळा. दोन्ही गाल, कपाळ, हनुवटी आणि नाक. आरशात बघितलं तर एक पांढरी बाई डोळे वटारून माझ्याकडे बघत होती. मी तिला म्हटलं, "काय बाई, कशा आहात?" आणि मला असं हसू फुटलं की मास्क सरकून गळ्यात आला. म्हणजे गळ्यालाही तजेला. आज मुकादमबाई म्हणाल्या, "आज दोन्हीकडून कामाला लावायला हरकत नाही." दुसरा मास्क या पाकिटात आहे. तो अख्खा तुझा. त्याला कात्री लावलीस तर याद राख.

आता नियमाचं. या वेळी मी कापते आणि तू उचल.

एका वाट्यात: माझ्या घरातली पिवळी खोली, खिडकीशी पलंग, रोज मी, आणि दर महिन्याला अर्धा डबा.

दुसऱ्या वाट्यात: स्टेशनपलीकडच्या दोन खोल्या, घासण्याचा आवाज, सफरचंदाला कानस लावणारा एक माणूस, आणि तरीही दर महिन्याला अर्धा डबा, टपालाने.

आजवर या घरात सुताचाही फरक न करता कापलं गेलं. मी पहिल्यांदाच मुद्दाम वाकडं कापलं आहे. कुठला वाटा मोठा आहे ते आंधळ्यालाही दिसेल. कापणारीला उरेल ते, हे सासूबाईंनी ठरवलं आहे. मी तक्रार करणार नाही. पण तू भिडेखातर लहान वाटा उचललास तर मात्र मी तुझं तोंड बघणार नाही, ना डावं ना उजवं.

आणि शब्दाचं ओझं वाटत असेल तर ऐक. तो शब्द तू मला दिला होतास. म्हणजे तो माझा आहे. माझ्या वस्तूचं मी काहीही करीन. मी तो परत केला.

उद्या दुपारी जेवणाच्या वेळी आत जा. पाठमोऱ्या माणसाच्या समोर जाऊन उभी राहा.

वहिनी


२६ नोव्हेंबर

वहिनी,

उचलला. मोठा.

आत गेले, समोर जाऊन उभी राहिले. ते एका आजोबांची खालची कवळी घासत होते. मी म्हटलं, "आवाज चालेल." त्यांनी कवळी खाली ठेवली, पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली, आणि मग कानस आजोबांच्या डबीत घातली नि कवळी स्वतःच्या खिशात. आजोबा बाहेर तासभर बसून राहिले. शेवटी तोंडावर हात धरून विचारायला आले, "माझे दात कुठेत?" तोवर आम्ही दोघं हसून हसून भिंतीला टेकलो होतो. आजोबाही हसायला लागले. बिनदातांचे.

तुझी सगळी पत्रं त्यांना वाचून दाखवली, कंपनीच्या पत्रासकट. शेवटचं वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा वर केला. मग म्हणाले, "वाकडं कापलं म्हणतात, पण काय सरळ चाल आहे."

खोलीचा पिवळा रंग तसाच ठेव. जानेवारीत येणारच आहे, फक्त राहायला नाही, आठ दिवसांसाठी, आणि एकटी नाही. दादाच्या टेबलाचा एक पाय डगमगतो असं मी सांगितलंय, ते कानस घेऊन येतायत. पुढच्या डब्यात पायमोजे आले तर तू एक आणि मी एक असं करू नकोस. जोडी तू ठेव. आमचं आम्ही बघू.

पण त्याआधी तूच इकडे यायचं आहेस. डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी दवाखान्यातच आमच्या लग्नाचा छोटा समारंभ आहे. डॉक्टर केक आणणार आहेत, भला मोठा. ते विचारत होते, कापायचा कुणी? मी सांगितलं, आमच्या घरात एकच कापते.

मोठी कात्री घेऊन ये. आणि सुरीला चिकटेल ते कुणाला चाटू देऊ नकोस. तो वाटा दादाचा आहे, आपण दोघी निम्मा निम्मा खाऊ.

तुझी, दोन्ही गालांनी,
छकुली